चूल, भाणवस आणि ओटा

गेल्या वैशाखांत जामसंडे येथील आमच्या जुन्या घराच्या दुरुस्तीचें काम निघालें. पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळावीं, पडवीचे वासे बदलावे, आणि हात लागलाच आहे तर स्वयंपाकघरहि नीट करून घ्यावें असा बेत ठरला. पैसा मोजकाच होता. कौलें व वासे यांविषयीं घरांत मतभेद झाला नाहीं. तो झाला स्वयंपाकघराच्या ओट्यावरून. त्यावर दगड कोणता बसवावा? एकास संगमरवर हवा होता, दुसऱ्यास कडप्पा; तिसऱ्यानें मुंबईस कोणाच्या घरीं पाहिलेल्या कृत्रिम दगडाची महती गाइली. पुरुषमंडळींचा हा वाद पाऊण तास चालला. आमचा गवंडी तोंवर मुकाट्यानें उभा होता, तो दारांतल्या वहिनींकडे वळून म्हणाला, “वयनीनू, ओट्याकडे उभ्या ऱ्हवाचा तुमका, मगे दगड तुमीच सांगा.” आम्ही सारे गप्प झालों.

त्या एका वाक्यानें जो विचार मनांत सुरू झाला त्याचें फळ म्हणजे प्रस्तुत लेख होय. राजवाड्यांचे व देवळांचे दगड कोठून आले याची चौकशी इतिहासकार करतात. परंतु ज्या जागेवर घरोघर दोन वेळचें अन्न सिद्ध होतें, ती जागा कशाची होती आणि ती तशीच कां होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक त्यांत आपल्या समाजाचा बराच इतिहास सांठलेला आहे.

आपल्या जुन्या घरांत आजच्या अर्थानें ओटा नव्हताच. कोंकणांतील घराची मांडणी वाचकांच्या परिचयाची आहे: पुढें खळें, मग पडवी, ओटी, माजघर, आणि सर्वांच्या मागें, परसाच्या बाजूस, स्वयंपाकघर. तेथें चूल जमिनीवर, तिला जोडून वैल, आणि चुलीच्या मागें अगर बाजूस मातीचा एक बुटका कट्टा, ज्यावर शिजलेल्या अन्नाचीं भांडीं उतरून ठेवीत. या कट्ट्यास भाणवस म्हणत. आजच्या ओट्याचा मूळपुरुष शोधावयाचा असेल तर तो हाच. बाकीचें सर्व काम जमिनीवर चाले. विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, रगडा जमिनींत पुरलेला, आणि काम करणारी बाई पाटावर किंवा उकिडवी बसलेली.

या जमिनीचें साहित्य म्हणजे माती आणि शेण. त्यास पैसा पडत नसे. सारवलेल्या जमिनीचा एक गुण असा कीं, तिला डाग राहूं शकत नाहीं. कारण ती वरचेवर नवी होते. हळद सांडली, तेल सांडलें, पुन्हां सारवलें कीं झालें. पावित्र्याच्या जुन्या कल्पनांसहि हें सोयीचें होतें. परंतु ‘पैसा पडत नसे’ या शब्दांचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. मोल पडत होतेंच. तें बाईच्या पाठीला व गुडघ्यांना पडत होतें, आणि घराच्या जमाखर्चाच्या वहींत त्याला खातें नव्हतें. तीच गोष्ट धुराची. ओल्या लाकडांच्या धुरानें ज्यांचे डोळे गेले अशा आज्या प्रत्येक घराण्याच्या आठवणींत आहेत.

मातीनंतरचें साहित्य म्हणजे आमच्या पायाखालचा जांभा. फ्रान्सिस बुकॅनन नांवाच्या इंग्रज कंपनीच्या वैद्यानें मलबारांतून प्रवास करीत असतां हा दगड अंगडीपुरम येथें पाहिला, आणि १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्यास लॅटिन भाषेंतील विटेच्या नांवावरून ‘लॅटेराइट’ असें नांव दिलें. खाणींत असतां हा मऊ असतो, हत्यारानें सहज कापतां येतो, आणि हवा लागली कीं कठीण होत जातो, हें त्याचें वैशिष्ट्य त्यानें टिपून ठेविलें. आमच्या चिरेखाणींवरील कामकऱ्यांस हें ज्ञान साहेबाच्या पुष्कळ आधींपासून होतें. याच चिऱ्यांनीं कोंकणांतील भिंती, गडगे व विहिरी बांधल्या. स्वयंपाकघरांत मात्र जांभा उघडा ठेवणें सोयीचें नाहीं. तो सच्छिद्र आहे. तेल, ताक, हळद, सर्व पिऊन टाकतो. म्हणून त्याचा उपयोग ओट्याच्या पोटास होतो, पाठीस नाहीं. वरच्या थरासाठीं बाहेरच्या दगडाकडेच पाहावें लागतें.

येथें वाहतुकीचा प्रश्न येतो, आणि स्वस्त काय व महाग काय हें ठरविणारी खरी शक्ति तीच आहे. बासेल मिशनच्या लोकांनीं १८६५ सालीं मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला आणि थोड्याच दशकांत मंगलोरी कौल किनाऱ्यावरच्या गांवोगांवीं पोंचलें, तें गलबतांतून. समुद्र हा कोंकणचा हमरस्ता होता. दगडाची गोष्ट निराळी. एक इंच जाडीचा एक चौरस फूट दगड सुमारें साडेसहा किलो भरतो. म्हणजे दहा फूट लांब व दोन फूट रुंद अशा साध्या ओट्याचा नुसता वरचा थर सव्वाशें किलोंच्या घरांत जातो. हें ओझें घाट उतरवून आणावयाचें म्हणजे दगडाच्या किंमतींत घाटाची किंमत मिळवावी लागते. सांपाताचा तो दगड निजामच्या राज्यांतील शहाबादेस असो कीं मद्रास इलाख्यांतील कडप्प्यास असो, देवगड तालुक्यास तो सारखाच दूर होता.

देशावर ही अडचण आगगाडीनें दूर केली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा आग्नेयेकडील मार्ग १८७१ सालीं रायचुरास मद्रास रेल्वेस मिळाला. शहाबाद याच मार्गावर आहे. तेथील चुनखडीचा दगड थराथरांनीं निघतो, त्याच्या फरश्या थोड्या श्रमांत सुटतात. त्यामुळें पुण्या-मुंबईच्या चाळी, शाळा व मोऱ्या शहाबादी फरशीनें भरून गेल्या. आपण दगडाला गांवाचें नांव दिलें, तसें पुढें काळ्या दगडाला जिल्ह्याचें दिलें व नुसतें ‘कडप्पा’ म्हणूं लागलों. आमच्याकडे मात्र कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला व्हावयास २६ जानेवारी १९९८ हा दिवस उजाडावा लागला. तोंवर जड माल एक तर समुद्रानें, नाहीं तर घाटांतून. जामसंड्यासारख्या गांवांतील स्वयंपाकघर दीर्घकाळ सारवणाचें राहिलें, त्याचें कारण लोकांची जुनाट वृत्ति नव्हे. त्यांच्या व दगडाच्या मधें सह्याद्रि होता.

दगड आला तरी तो जमिनीवरून कमरेइतका उंच कां चढला? याचें उत्तर इंधनांत आहे. स्वीडनमध्यें १८९२ सालीं निघालेला प्रायमस स्टोव्ह आपल्या शहरांतून पसरला, पण तोहि पुष्कळ काळ जमिनीवरच पेटे. खरा पालट गॅसनें केला. बर्मा-शेल कंपनीनें १९५५ सालीं मुंबईंत सिलिंडरांतला गॅस विकण्यास आरंभ केला. सिलिंडर उभा असावा आणि शेगडी त्याच्याहून उंच जागीं असावी, हा सुरक्षिततेचा नियम आहे. त्या एका नियमानें शेगडी वर चढली, व तिच्यामागून विळी, पोळपाट व स्वतः गृहिणी, अशीं सर्व उभीं राहिलीं. युरोपांत हेंच स्थित्यंतर निराळ्या वाटेनें झालें. मार्गारेटे श्युटे-लिहोत्झ्की या बाईंनीं १९२६ सालीं फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या घरांसाठीं जें आटोपशीर स्वयंपाकघर आंखलें, तें बाईचीं पावलें व वेळ मोजून आंखलें होतें, व तशीं सुमारें दहा हजार बांधलीं गेलीं. आपल्याकडे असें माप कोणीं घेतलें नाहीं. आपला ओटा गॅसबरोबर आला, आणि त्याची उंची गवंड्याच्या संवयीनें ठरली.

आतां दगडांच्या गुणदोषांकडे वळूं. शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे चारी दगड, रंगानें व भावानें कितीहि निराळे असले तरी, एकाच कुळांतले आहेत. त्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे चुना होय. चुन्याचें व आंबटाचें वैर प्रसिद्ध आहे. लिंबाचा रस पडला कीं कार्बन डाय-ऑक्साइड वायु सुटून दगडाची वरची तकाकी खाल्ली जाते, आणि जो फिकट खरबरीत डाग उरतो तो धुऊन जात नाहीं. कारण तो डाग नव्हेच, ती झीज आहे. हें ध्यानांत घेतलें म्हणजे कोंकणी स्वयंपाकघराचा विचार किती निराळा करावा लागतो तें दिसून येईल. आमचें सारें पाकशास्त्र आंबटावर उभें आहे. कोकमांचें आगळ, आमसुलें, सोलकढी, माशांच्या कालवणांतील चिंच, चैत्रांतल्या कैऱ्या, बिंबलें! येथें पांढरा संगमरवर बसविणें म्हणजे पाहुण्याला पहिल्याच पंक्तीस उपाशी उठविण्यासारखें आहे. कडप्पा काळा असल्यामुळें झीज अधिकच उठून दिसते. परंतु तो स्वस्त आहे, आणि वरचेवर तेलाचा हात फिरविल्यास पुष्कळ वर्षें लाज राखतो.

ग्रॅनाइट या कुळांतला नव्हे. तो भूगर्भांतील तप्त रसाचा थिजून झालेला दगड असून त्यांतील गारगोटी व फेल्डस्पार यांस लिंबू अगर कोकम सहसा बाधत नाहीं. कर्नाटक, आंध्र व तेलंगण येथें तो विपुल आहे, आणि यंत्रानें कापण्याची सोय झाल्यापासून, एके काळीं देवळांनाच परवडणारा हा दगड मध्यम स्थितींतील घरांच्याहि आटोक्यांत आला. बाजारांत ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकले जाणारे कित्येक दगड शास्त्रदृष्ट्या ग्रॅनाइट नसतात; पण ओट्याच्या कामास त्यांनीं अडत नाहीं. अडतें तें हलक्या दगडास काळा रंग चढवून दिल्यास. यावर उपाय सोपा आहे. दुकानांतून एक कपचा मागून आणावा, त्यावर रात्रभर लिंबाची फोड ठेवावी, व सकाळीं पाहावें. विक्रेत्याच्या दहा शपथांहून ती फोड अधिक खरें बोलेल.

इतर पर्यायांविषयीं थोडक्यांत सांगतों. सिमेंटच्या स्लॅबवर चिनी मातीच्या फरश्या बसविणें सर्वांत स्वस्त. फरशीस कांहीं होत नाहीं, पण सांधे काळे पडतात. घोटीव मोझेकमध्यें सिमेंट असल्यामुळें आंबटाचा दोष त्यालाहि लागू आहे. अमेरिकेंत १९१३ सालीं निघालेल्या ‘फॉर्मायका’च्या जातीचे पत्रे कोरड्या हवेंत ठीक, आमच्या चार महिन्यांच्या पावसांत खालचें लाकूड फुगतें व उरलेलें वाळवी पाहते.

राहिला तो कृत्रिम दगड, ज्यास बाजारांत नुसतें ‘क्वार्ट्झ’ म्हणतात. गारगोटीचा चुरा राळेंत घट्ट बसवून हा करतात. इटलींत गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत ही युक्ति निघाली. दिसावयास सुंदर, डागास दाद न देणारा, आणि भावानें चढा. परंतु त्याचा एक हिशेब दुकानांत सांगत नाहींत. त्यांत गारगोटीचें प्रमाण नव्वद टक्क्यांपर्यंत असतें. तो कोरडा कापला असतां जी सूक्ष्म धूळ उडते ती कापणाऱ्याच्या फुप्फुसांत जाऊन बसते, आणि त्यापासून होणाऱ्या सिलिकोसिस रोगावर रोग मुळांतून घालविणारें औषध नाहीं. तरुण कामगार या रोगानें खचूं लागले, म्हणून ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२४ पासून असल्या दगडाच्या वापरावर बंदी घातली. ग्रॅनाइटांतहि गारगोटी आहे, मात्र कमी. तेव्हां दगड कोणताहि असो, आपल्या खळ्यांत बसून तो कापणाऱ्या माणसानें पाण्याची धार सोडूनच कापावा व तोंडावर चांगली पट्टी बांधावी, इतका आग्रह आपण अवश्य धरावा. त्यास फार तर एक बालदी पाणी व अर्धा तास अधिक लागेल. चुलीच्या धुरानें ज्यांचीं छाती व डोळे गेले त्यांचा हिशेब आपल्या पूर्वजांनीं ठेविला नाहीं. या धुळीचा हिशेब आपण ठेवूं नये काय?

वहिनींनीं शेवटीं काय केलें तें सांगून हा लेख पुरा करतों. त्यांनीं प्रथम स्वतःच्या कोपराची उंची मोजविली, आणि गवंडी नेहमीं ३४ इंचांवर ओटा बांधतो तो ३१ इंचांवर बांधावयास सांगितला. कारण कोपराखालीं तीन-चार बोटें जागा असली म्हणजे पीठ मळतांना खांदे भरून येत नाहींत. ओट्याचें पोट गांवच्या चिऱ्यांचें, मधले खण व फळ्या कडप्प्याच्या, आणि ग्रॅनाइट फक्त वर, जेथें हात, पाणी व आंबट पोंचतें तेथेंच. सलग लांब तुकड्याचा हट्ट सोडून, दुसऱ्या कोणाच्या कामांतून उरलेले दोन तुकडे त्यांनीं पसंत केले व सांधा शेगडी आणि मोरी यांपासून दूर घेतला. संगमरवराच्या अंदाजापेक्षां खर्च निम्म्याहून कमी आला. आणखी एक गोष्ट त्यांनीं करविली, जी आमच्यापैकीं कोणाच्याहि मनांत आली नव्हती. ओट्याच्या टोकास, खिडकीखालीं, हातभर उंचीचा एक बुटका कट्टा बांधविला. सासूबाईंस आतां फार वेळ उभें राहवत नाहीं आणि जमिनीवर बसवतहि नाहीं. त्यांनीं त्या कट्ट्यावर बसून नारळ खवावा, कोथिंबीर निवडावी, आणि स्वयंपाकघरांतून आपली हकालपट्टी झाली असें त्यांस वाटूं नये, एवढाच त्यांतला हेतु.

काम पुरें झाल्यावर म्हातारीनें त्या कट्ट्यावरून हात फिरविला आणि ती म्हणाली, “ही तर भाणवसच झाली कीं!” दगड निवडतांना भाव पाहावा, गुण पाहावा, वाहतूक पाहावी, हें सर्व खरें; पण सर्वांच्या आधीं, त्या ओट्याशीं आयुष्य कोणाचें जावयाचें आहे तें पाहावें. आमच्या गवंड्यास तें ठाऊक होतें. आम्हां शिकलेल्यांस तें त्याच्याकडून शिकावें लागलें.