शिरूर-दौंडचे बाळंतपण आणि पाठीतल्या सुईची जोखीम

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत प्रसूतीच्या कळा शमवण्याचा प्रश्न फार उशिरा उपस्थित झाला, कारण बाळंतीण जगावी हा त्याआधीचा प्रश्नच दीर्घकाळ सुटलेला नव्हता. घोडनदीकाठचे शिरूर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची छावणी होते आणि मनमाडकडून आलेल्या लोहमार्गामुळे १८७८ मध्ये दौंड जंक्शन झाले. तरीही गावोगावची बाळंतपणे सुईणींच्याच हाती राहिली. एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी १८४७ मध्ये प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरला आणि १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने तो स्वतः घेतला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १८८२ मध्ये, पंडिता रमाबाईंनी हंटर शिक्षण आयोगापुढे मागितली ती भूल नव्हे, तर हिंदी स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर. याच रमाबाईंनी पुढे दौंड तालुक्यातील केडगावला मुक्ती मिशन वसवले. राणीची सोय आणि रयतेची गरज यांतले अंतर यापेक्षा स्पष्ट क्वचितच दिसेल.

एपिड्युरल ही पद्धत विसाव्या शतकातली. मज्जारज्जूभोवती जे जाड आवरण असते, त्याच्या बाहेरच्या चिंचोळ्या पोकळीत बधिरतेचे औषध सोडायचे, म्हणजे कळांची वेदना शमते आणि स्त्री शुद्धीवर राहते, हे तिचे तत्त्व होय. कमरेतून असे औषध देण्याचे तंत्र स्पेनचे फिदेल पाजेस यांनी १९२१ मध्ये मांडले, तर सुईतून बारीक नळी सरकवून औषध पुन्हा पुन्हा देण्याची सोय १९४० च्या दशकात झाली. सुई पुढे जाताना भूलतज्ज्ञाचा अंगठा पिचकारीच्या दट्ट्यावर असतो. दट्ट्याला होणारा विरोध एकाएकी नाहीसा झाला, की पोकळी सापडली असे समजायचे. त्यानंतर सुई थोडी जरी अधिक पुढे गेली, तरी आवरणाला छिद्र पडून मज्जाद्रव गळू लागतो आणि उठून बसताच वाढणारी तीव्र डोकेदुखी जडते. असे शंभरांत सुमारे एकीच्या बाबतीत घडते. स्थूल शरीर, वाकडा कणा, वारंवार टोचावे लागणे, कळा जोरात असल्याने स्थिर बसता न येणे आणि टोचणाऱ्याचा अपुरा अनुभव यांमुळे ही शक्यता वाढते.

दुसरी जोखीम रक्ताची आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढून प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी घटल्या असतील, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर पोकळीत रक्ताची गाठ होऊन पाय लुळे पडण्याचा धोका असतो. तो अत्यंत विरळा, पण भयंकर. म्हणून प्लेटलेट ७० हजारांच्या खाली गेल्यास बहुतेक भूलतज्ज्ञ सुई टाळतात. औषध चुकून रक्तवाहिनीत गेल्यास झटके येऊ शकतात, हृदयही थांबू शकते. रक्तदाब उतरणे मात्र नेहमीचे, आणि बाई उताणी झोपली असेल किंवा तिच्या शरीरात पाणी कमी असेल तर ते अधिक. पाठीतल्या सुईने कंबर कायमची धरते, ही घरोघरची समजूत मात्र अभ्यासांत टिकलेली नाही.

यांपैकी बरेच धोके सुई हाती घेण्याच्या कितीतरी आधी, गरोदरपणातल्या तपासणीत कळतात, आणि नेमक्या या ठिकाणी शिरूर तालुक्याचा संबंध येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात वढू बुद्रुक परिसरात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला आणि गावातल्याच माणसांना आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गरोदर बाईचा रक्तदाब मोजणे आणि तिचे रक्त तपासणे ही साधी कामे आहेत, पण एपिड्युरलच्या सुरक्षिततेचा पायाही तोच आहे.

तालुक्याच्या गावी सिझेरियनपुरता भूलतज्ज्ञ बोलावता येतो, त्यामुळे एकदाच टोचायची मणक्यातली भूल तिथे आधी रुळली. एपिड्युरलचे तसे नाही. औषध दिल्यानंतर सुरुवातीला दर काही मिनिटांनी रक्तदाब पाहावा लागतो आणि पुढे बाळंतपण होईपर्यंत जाणकार माणूस हाकेच्या अंतरावर असावा लागतो. ही व्यवस्था नसणे हा स्थूलपणा किंवा वाकड्या कण्याइतकाच खरा जोखीमघटक आहे, आणि जिथे ती नाही तिथे ही सुई न टोचणेच योग्य.