संतपट आणि स्वातंत्र्य

चित्रपटानें लोकांना रिझवावें, राज्यकर्त्यांविषयीं मात्र कांहीं बोलूं नये, अशी ब्रिटिश अमदानींतील सरकारची अपेक्षा होती. १९१८ सालीं सिनेमाचा कायदा झाला आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथें परीक्षण मंडळें काम करूं लागलीं. उघड राजकारण पडद्यावर आणण्याची सोय उरली नाहीं. परंतु पुराणांतले भक्त, महाराष्ट्राचे संत आणि शिवछत्रपति हे घरोघरीं पूज्य होते. त्यांच्या चरित्रांना मज्जाव करणें सरकारलाहि अवघड होतें. म्हणून स्वातंत्र्याची आकांक्षा या थोर पुरुषांचा आश्रय घेऊन पडद्यावर आली.

सरकारला हें कळत नव्हतें असें नाहीं. १९२१ सालीं मुंबईच्या कोहिनूर कंपनीनें 'भक्त विदुर' हा मूकपट काढला. त्यांत द्वारकादास संपत यांनीं रंगविलेला विदुर खादी नेसून व गांधी टोपी घालून प्रेक्षकांपुढें उभा राहिला. नांव महाभारतांतलें, पण मूर्ति कोणाची हें सांगावें लागत नव्हतें. मद्रास आणि कराची येथें त्याला बंदी झाली. पुढें १९३० सालीं, म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाच्याच वर्षीं, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनें 'स्वराज्याचें तोरण' हा मूकपट तयार केला. शांताराम यांनीं त्यांत शिवाजीमहाराजांची भूमिका केली होती. 'स्वराज्य' हा शब्द सरकारला खपला नाहीं. मूकपट 'उदयकाल' या नांवानें प्रदर्शित झाला. कंपनी पुण्यास आल्यावर १९३५ सालीं एकनाथांच्या चरित्रावरील 'महात्मा' या बोलपटाची तीच गत झाली. महात्मा म्हटलें कीं एकाच व्यक्तीचें स्मरण व्हावें असे ते दिवस होते. बोलपटाचें नांव 'धर्मात्मा' करावें लागलें.

नांव बदललें, पण आशय बदलला काय? बालगंधर्वांनीं उभे केलेले नाथ कोणत्याहि राजाविरुद्ध शस्त्र उचलीत नाहींत. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या घरीं ते जेवावयास बसतात, एवढाच त्यांचा अपराध. पण तेवढ्यासाठीं पैठणचा ब्रह्मवृंद त्यांच्यावर उलटतो आणि पोटचा मुलगा हरिपंडितहि विरोधांत उभा राहतो. परक्या सत्तेपुढें ताठ उभें राहण्यास धैर्य लागतें खरें. परंतु ज्या माणसांत जन्म काढावयाचा त्यांचा रोष पत्करण्यास लागणारें धैर्य निराळें असतें, आणि तें कमी मोलाचें नसतें.

हा प्रश्न केवळ नाथांच्या काळचा नव्हता. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून चालूनहि तेथील दारें उघडलीं नव्हतीं. १९३५ च्याच ऑक्टोबरांत येवल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशी घोषणा केली. चित्रपटगृहांत बसून नाथांची थोरवी मान्य करणें सोपें होतें. बाहेर आल्यावर आपल्या विहिरीचें पाणी मोकळें करणें कठीण होतें. पंढरपूरचें देऊळ सर्वांस खुलें व्हावें म्हणून १९४७ सालींहि सानेगुरुजींना उपोषण करून प्राण पणास लावावे लागले.

घरांतील धैर्याचें दुसरें चित्र १९३६ च्या 'संत तुकाराम' या बोलपटांत आहे. तो दामले आणि फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केला. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा भजनांत देहभान विसरतात. गौरी या नटीची जिजाई मुलांच्या भाकरीची चिंता वाहते. मूल आजारी पडतें तेव्हां ती पायताण हातीं घेऊन, त्याला ओढीत देवळांत जाते आणि विठ्ठलालाच जाब विचारते. शेवटीं तुकोबांना नेण्यासाठीं वैकुंठाचें विमान येतें. जिजाई मात्र मुलांना सोडून जात नाहीं. तिची निष्ठा तुकोबांहून निराळी, पण उणी नव्हे. मुंबईंत एकाच चित्रपटगृहांत हा बोलपट वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला.

सरकारी कात्री 'स्वराज्य' आणि 'महात्मा' या दोन शब्दांवर चालली. कोणी कोणाच्या घरीं जेवावें, आईनें देवाला काय विचारावें, हे प्रश्न बोलपटांत तसेच राहिले. त्या प्रांतांत राज्य ब्रिटिशांचें नव्हतें, आपलेंच होतें. परकी सत्ता १९४७ सालीं गेली. घरांतील व गांवांतील स्वातंत्र्य मात्र तेवढ्यानें मिळत नाहीं. तें नाथांप्रमाणें शेजाऱ्याच्या पानाशेजारीं आपलें पान मांडूनच मिळवावें लागतें.