डच जोडशब्द कुठे तोडायचा: कानाने की अर्थाने?

ओळीच्या शेवटी लांब शब्द मावला नाही तर तो कुठे तोडायचा? डच भाषेत हा प्रश्न फक्त छपाईचा नाही, कारण तिथे जोडशब्द मध्ये जागा न सोडता सलग लिहितात.

साध्या शब्दांचा नियम सोपा आहे: दोन स्वरांमध्ये दोन व्यंजनं आली की एक मागे राहतं, एक पुढे जातं. आता 'संध्याकाळचं जेवण' या अर्थाचा शब्द घ्या: आवोंड + एतेन. नियमाने तो 'आवोन-डेतेन' असा तुटायला हवा. पण लिहितात आवोंड-एतेन. म्हणजे इथे अर्थ जिंकतो.

याची मुळं १९व्या शतकात दिसतात. १८६३ साली मोठ्या शब्दकोशाच्या कामासाठी डे फ्रीस आणि टे विंकल यांनी लेखनपद्धती आखली. बेल्जियमने ती १८६४ मध्ये, नेदरलँड्सने १८८३ मध्ये स्वीकारली. तिचं एक तत्त्व होतं एकरूपता: शब्द कुठेही आला तरी त्याचं रूप शक्यतो तेच ठेवायचं. म्हणून 'टॉवेल'साठीच्या शब्दात (हांड म्हणजे हात, डूक म्हणजे कापड) उच्चारात एकच 'ड' असला तरी लिहिताना दोन येतात. सांधा डोळ्यांना दिसत राहतो.

मग आघाताची मदत होते का? जोडशब्दात मुख्य आघात सहसा पहिल्या घटकावर पडतो. 'मसाजचा पलंग' आणि 'सामूहिक प्रार्थना' हे दोन जोडशब्द लिहायला हुबेहूब सारखे आहेत. पहिल्यात आघात 'मसाज'च्या दुसऱ्या अक्षरावर, तर दुसऱ्यात शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर. बोलताना गोंधळ होत नाही. पण क्वार्ट-स्लाखेन (पाव फेरे) आणि क्वार्ट्स-लाखेन (क्वार्ट्झचे थर) यांत आघात दोन्हीकडे पहिल्याच अक्षरावर. तिथे संदर्भच हवा.

१९८३ मध्ये फ्रँकलिन लियांग यांनी इंग्रजी शब्द तोडण्यासाठी अक्षरांच्या नमुन्यांवर चालणारी संगणकीय पद्धत मांडली. ती पुढे डचलाही लावली गेली. पण अशा नमुन्यांना वाक्य दिसत नाही. त्यामुळे या शब्दाला ते दर वेळी एकच उत्तर देणार.

संशोधनाची तयारी करताना एवढं लक्षात ठेवा: लेखनाचा नियम हा उच्चाराचा थेट पुरावा नसतो. तो कुणी, कधी, कशासाठी ठरवला हे आधी शोधा, मगच त्यावरून निष्कर्ष काढा.