४४०००९ : नंदनवनाच्या पत्त्यातील विभागणी

नागपूरच्या ग्रेट नाग रोडवरील नंदनवन. पिनकोड ४४०००९. संगणकशास्त्र आज ज्याला ‘डेटा पार्टिशनिंग’ म्हणते, तो प्रश्न या सहा अंकांत एका संस्कृत कवीने सोडवून ठेवला आहे : अफाट पसाऱ्याची वाटणी कोणत्या निकषावर करावी?

नंदनवन म्हणजे इंद्राचे उद्यान. या नावाच्या वसाहती देशात किती असतील, त्याला गणती नाही. त्यात अनेक प्रांतांच्या लिप्या वेगवेगळ्या. नुसत्या नावावरून टपाल लावणे जिकिरीचे होते.

रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले श्रीराम भिकाजी वेलणकर डाक-तार खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. त्यांची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली.

वर्णानुक्रमे वाटणी केली असती, तर नागपूर आणि नागपट्टणम् एकाच कप्प्यात पडले असते. पत्रे मात्र दोन दिशांना जाणारी. म्हणून निकष ठरला भूगोल. पहिला अंक ४ : महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, आजचे छत्तीसगड. ४४ म्हणजे विदर्भ. ४४० नागपूर शहर. उरलेले ००९ हे वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. कोलकात्याच्या कर्मचाऱ्याला नंदनवन ठाऊक असण्याचे कारणच नाही. त्याने आरंभीचे अंक पाहून पत्र योग्य थैलीत टाकावे, पुढचे पुढच्यांनी पाहावे.

ही वाटणी टिकाऊही ठरली. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी दोघांचे ४४२ कायम राहिले. २००० मध्ये छत्तीसगड राज्य झाले, रायपूरचे ४९२ हलले नाही.

भूगोलाचे दोष मात्र चुकत नाहीत. मुंबईचा ४०० हा कप्पा सदैव ओसंडणारा, तर ४४२ दूरच्या अरण्यापर्यंत विरळ पसरलेला. आणि सैन्य तर एका जागी थांबतच नाही! त्याच्या टपालासाठी ९ हा अंक भूगोलाबाहेर ठेवला गेला. सगळ्या योजनेतील सर्वांत शहाणपणाचा अंक बहुधा हाच.

याच महाराष्ट्रात पुढे नेमकी उलट निवड झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिले आधार क्रमांक दिले गेले. ते बारा अंक जाणूनबुजून यादृच्छिक ठेवले आहेत. त्यांवरून गाव, जात, वय, काहीही कळत नाही. अशा क्रमांकांवर नोंदी वाटल्या, तर कप्पे जवळजवळ सारखे भरतात. टेंभलीचा माणूस नंदनवनात राहायला आला, तर पिनकोड बदलतो, आधार क्रमांक तोच राहतो. मात्र एकट्या नंदनवनाच्या नोंदी हव्या असतील, तर त्या क्रमांकांचा काडीचाही उपयोग नाही. प्रत्येक कप्पा उघडून पाहावा लागेल, किंवा पत्त्यांची निराळी सूची ठेवावी लागेल.