मधला आवाज

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. ध्वनिशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि केबल यांच्याविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहोत, याला एक प्रसंग कारणीभूत आहे. एम.ए.च्या काही विद्यार्थ्यांना घरी बोलावून आम्ही प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) दाखवला. नुकताच होम थिएटरचा संच घेतला होता. विक्रेत्याच्या सल्ल्याने दोन उंच स्पीकर, एक भला मोठा सबवूफर आणि त्यांना शोभेशी महागडी केबल घरात आली. मधला स्पीकर मात्र 'नंतर पाहू' या सदरात गेला. चित्रपट संपल्यावर डाव्या भिंतीला टेकून बसलेली एक विद्यार्थिनी संकोचाने म्हणाली, "सर, तुकोबा पडद्यावर होते, पण बोलत होते पुस्तकांच्या कपाटातून." उजवीकडच्यांना ते खिडकीतून बोलताना ऐकू आले होते. सोफ्यावर मध्यभागी बसलेल्या आम्हा यजमानांना काहीच खटकले नव्हते.

या तक्रारीचे मूळ शोधू लागलो, तेव्हा ती बोलपटाइतकीच जुनी असल्याचे ध्यानात आले. लंडनच्या ईएमआय कंपनीतील अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन पत्नीसह बोलपट पाहत असताना, पात्र पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडे, ही विसंगती त्याला खुपली, असे सांगितले जाते. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने दोन चॅनलच्या ध्वनीसाठी पेटंटचा अर्ज केला. स्टीरिओच्या इतिहासातील हा मूलभूत दस्तऐवज होय.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि त्यांचे सहकारी वेगळ्या वाटेने निघाले होते. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवण्यात आला. वाद्यवृंदाचा ख्यातनाम संचालक स्टोकोव्स्की त्या दिवशी वादकांसमोर नव्हता. वॉशिंग्टनमध्ये नियंत्रणाच्या खुंट्या हाताळीत होता. रंगमंचावर डावा, मधला आणि उजवा असे तीन चॅनल होते. समोर सभागृहभर पसरलेला श्रोतृवर्ग असताना, दोन स्पीकरांमधून निर्माण होणारा 'मध्य' हा निव्वळ भास असतो. कान जवळच्या स्पीकरचा आधी पोचणारा आवाज खरा मानतो, आणि कडेला बसलेल्यासाठी तो भास जवळच्या स्पीकरकडे सरकतो. मधला स्पीकर हा भासाच्या जागी वस्तू ठेवतो. म्हणजेच तो मध्यभागी न बसलेल्यांसाठी असतो.

चित्रपटगृहाने हा धडा लवकर गिरवला. डिस्नेच्या 'फँटेशिया'साठी (१९४०) पडद्यामागे तीन चॅनल होते. सिनेमास्कोपमधील पहिल्या 'द रोब' (१९५३) या चित्रपटात तीन समोर आणि एक प्रेक्षागृहात अशी योजना होती. घराची गोष्ट मात्र निराळी झाली. १९५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. तबकडीच्या खाचेला दोनच भिंती. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. तिसऱ्याला जागाच नव्हती. खाचेच्या या घडणीमुळे तीन दशके घरातील ध्वनीला मध्य उरला नाही, आणि 'उत्तम श्रवण' म्हणजे एका खुर्चीतले श्रवण, असा संकेत रूढ झाला.

डॉल्बी स्टीरिओने दोन ध्वनिपट्ट्यांत चार चॅनल गुंफण्याची युक्ती काढली आणि १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने ती लोकप्रिय केली. १९८२ चे घरगुती डॉल्बी सराउंड पाठीमागचा आवाज देई, मधला नव्हे. तो १९८७ मध्ये प्रो लॉजिकबरोबर घरी परतला. पुढे 'बॅटमॅन रिटर्न्स'सोबत (१९९२) डॉल्बी डिजिटल आणि मग डीव्हीडी आली, तेव्हा पाच स्पीकर आणि एक सबवूफर ही मांडणी सर्वपरिचित झाली.

निवडीचा क्रम आमच्या मते या इतिहासातूनच ठरतो. संवादांचा बहुतांश भार मधला स्पीकर वाहतो. म्हणून पहिला खर्च त्याच्यावर. तो डाव्या-उजव्यांच्याच मालिकेतील असावा, अन्यथा पात्र चालू लागताच त्याच्या आवाजाचा पोत बदलतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावरील हजारो वॅटच्या पीएमपीओ आकड्यांना भुलू नये. आरएमएस आकडा विचारावा. या आकड्यांचा सुळसुळाट इतका जुना की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये त्यासाठी नियम करावा लागला. शक्ती दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. म्हणून ८७ ऐवजी ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर निवडणे हे अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करण्यासारखेच आहे.

राहता राहिली केबल. विजेच्या दुकानात मिळणारी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली आणि स्पीकर पाच मीटरवर असला, तर जाऊन-येऊन दहा मीटर तारेचा रोध सुमारे ०.११ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे ही घट डेसिबलच्या आठव्या हिश्शाइतकी, म्हणजे कानाला न कळणारी. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला जोडले आहे ना, हे पाहणे अधिक मोलाचे. एका स्पीकरची टोके उलटली तर खर्ज विरून जातो.

'संत तुकाराम'चा ध्वनी एकपदरी आहे. त्याला सबवूफरची मातब्बरी नाही आणि पाठीमागच्या स्पीकरांचे कामही नाही. त्याला हवा होता तो एकच स्पीकर, पडद्याच्या मधोमध, आणि नेमका तोच आम्ही घेतला नव्हता. पंगतीत यजमानाने आपल्या पानापुरते पाहून 'सर्वांना पोचले' म्हणावे, तसे आमचे झाले होते.

पुढच्या महिन्यात मधला स्पीकर आला आणि तोच चित्रपट पुन्हा लावला. सोफा विद्यार्थ्यांना दिला. आम्ही कपाटाला टेकून बसलो. तुकोबा पडद्यावरूनच बोलले.