हैती : बँकेची तिजोरी आणि वर्णाची उतरंड

अमेरिकन साम्राज्यवादाची चर्चा आपल्याकडे व्हिएतनाम आणि इराकवर येऊन थांबते. त्याचे कारण विचारले की डावे मित्र एकाच शब्दात उत्तर देतात : भांडवल. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. हैतीचा इतिहास वाचला की ते का अपुरे आहे, हे कळते.

१७९१ मध्ये हैतीतल्या गुलामांनी फ्रेंच मळेवाल्यांविरुद्ध बंड केले आणि १८०४ मध्ये स्वतःचे राष्ट्र उभे केले. समतेचा जाहीरनामा मिरवणाऱ्या अमेरिकेने मात्र या राष्ट्राला १८६२ पर्यंत मान्यता दिली नाही. कारण उघड आहे. तिच्या दक्षिणेतले मळे गुलामांच्याच श्रमावर चालत होते. गुलाम स्वतःचे राज्य चालवू शकतो, हे मान्य करणे तिला परवडणारे नव्हते. दुसरीकडे, १८२५ मध्ये फ्रान्सने हैतीकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. म्हणजे मुक्त झालेल्यांनीच मालकांचे नुकसान भरून द्यायचे! ही रक्कम पुढे कमी झाली, पण ती फेडण्यासाठी घेतलेल्या कर्जांनी हा देश बँकांच्या दावणीला बांधला गेला.

पुढे या बँकव्यवहारात न्यूयॉर्कची नॅशनल सिटी बँक शिरली. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकन नौसैनिकांनी हैतीच्या बँकेतून पाच लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले. २८ जुलै १९१५ रोजी, राष्ट्राध्यक्ष साम यांची जमावाने हत्या केल्यानंतर, फौजा उतरल्या. कारण सांगितले गेले ‘अराजक’. पनामा कालव्याच्या वाटेवरची मोक्याची जागा, जर्मन व्यापाऱ्यांची स्पर्धा आणि बँकेची वसुली ही कारणेही तेव्हा तितकीच खरी होती.

मग कारभार कसा चालला? जकात आणि तिजोरी अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हाती गेली. १८०५ च्या संविधानापासून गोऱ्या परकीयांना जमीन घेण्यास मनाई होती. ती उठवणारे नवे संविधान स्वीकारायला हैतीच्या संसदेने नकार दिला, तेव्हा १९१७ मध्ये संसदच बरखास्त झाली. पुढच्या वर्षी बंदुकीच्या पहाऱ्यात मतदान झाले : बाजूने ९८ हजारांवर, विरोधात फक्त ७६८. शेतकऱ्यांना रस्त्याच्या कामावर सक्तीने जुंपले गेले. वेठबिगारी म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. या सक्तीविरुद्ध लढणाऱ्या शार्लमान पेराल्तला १९१९ मध्ये ठार केले आणि दहशत बसावी म्हणून त्याच्या मृतदेहाचे छायाचित्र वाटले.

‘पण रस्ते, दवाखाने तर बांधले ना?’ असे विचारले जाते. बांधले. पण कोणाच्या पाठीवर, आणि कोणाला विचारून?

आता भांडवलाच्या उत्तराकडे परत येऊ. हैतीत फौज पाठवणारे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्याच कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवले गेले. घरात जी उतरंड होती, तीच समुद्रापलीकडे गेली. कर्ज तर गोऱ्या देशांनीही थकवले होते. पण तिथे संसद बरखास्त करून कोणी लोकांना वेठीला धरले नाही. म्हणूनच या ताब्याविरुद्ध अमेरिकेतच आवाज उठवणाऱ्यांत काळे विचारवंत पुढे होते. जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी १९२० मध्ये हैतीत जाऊन तिथला कारभार उघड केला. ड्यू बॉइस यांनीही निषेध केला. त्याच ड्यू बॉइसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते.

फौजा १९३४ मध्ये गेल्या. आर्थिक नियंत्रण त्यानंतरही राहिले. म्हणून कोणतीही महासत्ता ‘लोकशाही’ घेऊन निघाली की चार प्रश्न विचारावेत. तिजोरीची किल्ली कोणाकडे? जमीन कोणाच्या नावावर? संविधान कोणाच्या संमतीने? आणि वेठीला कोण? बँकेचा हिशेब पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो. उरलेल्या दोहोंसाठी उतरंडच तपासावी लागते.