डब्लिनचा ईस्टर उठाव : एक पायी फेरी

२४ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी हजार-बाराशे सशस्त्र आयरिश स्त्री-पुरुषांनी डब्लिन शहरातल्या मोक्याच्या इमारती ताब्यात घेतल्या आणि ब्रिटिश सत्ता झुगारून आयरिश प्रजासत्ताकाची घोषणा केली. शनिवारी, २९ एप्रिलला, त्यांनी शरणागती पत्करली. हे सहा दिवस ज्या रस्त्यांवर घडले ते बहुतेक एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. म्हणूनच १९९० च्या दशकापासून तिथे उठावाच्या जागा पायी दाखवणाऱ्या फेऱ्या रुजल्या. पुस्तकातल्या नकाशात तुकड्या आणि ठाणी दिसतात. ही लढाई किती दाट वस्तीत, लोकांच्या राहत्या घरांमधून लढली गेली, हे मात्र चालतानाच उमगते.

लिफी नदीच्या दक्षिणेला डब्लिन कॅसल आहे. आयर्लंडवरचा ब्रिटिश कारभार इथून चाले. कामगारांच्या ‘आयरिश सिटिझन आर्मी’ची एक तुकडी शॉन कॉनली या नटाच्या नेतृत्वाखाली फाटकावर चालून आली आणि पहाऱ्यावरचा निःशस्त्र पोलीस जेम्स ओब्रायन गोळी लागून ठार झाला. सुट्टीमुळे आत सैनिक अगदी मोजके होते, पण बंडखोरांना त्याची कल्पना नव्हती. ते मागे फिरले आणि शेजारच्या नगरभवनात शिरले. त्याच दिवशी तिथल्या छतावर कॉनली मारला गेला. फाटकापासून नगरभवनापर्यंत चार पावलांचे अंतर आहे. सत्तेचे केंद्र हाती लागण्याची संधी इतक्या जवळून निसटली.

बंडखोरांकडे माणसे कमी होती, आणि त्याचे कारण उठावाआधीच्या दोन दिवसांत होते. जर्मनीहून सुमारे २० हजार रायफली घेऊन आलेले ‘ऑड’ हे जहाज ब्रिटिश आरमाराने अडवले आणि २२ तारखेला त्याच्या कप्तानानेच ते बुडवले. शस्त्रे बुडाली हे कळताच ‘आयरिश व्हॉलंटिअर्स’ या स्वयंसेवक दलाचे प्रमुख ओइन मॅकनील यांनी उठावासाठी ठरलेले रविवारचे सगळे संचलन रद्द केल्याचा आदेश वर्तमानपत्रात छापून आणला. कट करणाऱ्या गटाने उठाव एक दिवस पुढे ढकलला, पण गावोगावचे हजारो स्वयंसेवक घरीच राहिले. उठाव मुख्यतः डब्लिनपुरता उरला.

सेंट स्टीफन्स ग्रीन या उद्यानात सिटिझन आर्मीचे मायकल मॅलिन आणि कॉन्स्टन्स मार्किएविच यांच्या लोकांनी खंदक खणले. उद्यानाच्या कडेच्या उंच शेलबर्न हॉटेलकडे त्यांनी दुर्लक्ष केले. मंगळवारी पहाटे तिथूनच ब्रिटिशांच्या मशीनगनचा मारा सुरू झाला आणि त्यांना शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाचा आसरा घ्यावा लागला. त्या इमारतीच्या दर्शनी खांबांवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. ट्रिनिटी कॉलेजही बंडखोरांनी घेतले नाही. ते ब्रिटिश फौजेचा तळ बनले आणि नदीच्या दोन्ही काठांवरची बंडखोरांची ठाणी एकमेकांपासून तुटली.

नदीकाठच्या लिबर्टी हॉलची आजची उंच इमारत नवी आहे. जुनी इमारत वाहतूक कामगार संघटनेचे कार्यालय होते. १९१३ मध्ये मालकांनी टाळेबंदी करून ज्या कामगारांना उपाशी ठेवले, त्यांचे नेते जेम्स कॉनली इथूनच काम पाहत. स्वातंत्र्याचा जाहीरनामा ईस्टरच्या रविवारी इथल्या जुन्या यंत्रावर छापला गेला. टाइप पुरेसा नव्हता. म्हणून जुळाऱ्यांनी आधी वरचा अर्धा मजकूर जुळवून छापला, मग तेच खिळे सोडवून खालचा अर्धा जुळवला आणि तेच कागद पुन्हा यंत्रावर चढवले. संग्रहालयांत जपलेल्या मूळ प्रती निरखून पाहिल्या की ‘ई’ हे अक्षर मधूनच वेगळ्या वळणाचे दिसते, कारण ते दुसऱ्या संचातून घ्यावे लागले. प्रती निघाल्या हजारभर. बुधवारी ब्रिटिशांनी याच इमारतीवर तोफा डागल्या तेव्हा ती रिकामी होती.

हा जाहीरनामा बंडखोरांचे नेते पॅट्रिक पिअर्स यांनी सोमवारी दुपारी सॅकव्हिल रस्त्यावरच्या मुख्य टपाल कचेरीसमोर वाचला. आता हा रस्ता ओकॉनल स्ट्रीट म्हणून ओळखला जातो. ऐकणारे थोडे होते आणि त्यांच्यात उत्साहही फारसा नव्हता. त्या काळी डब्लिनमध्ये सुमारे २० हजार कुटुंबे एकेका खोलीत राहत. पोलीस रस्त्यावरून हटताच या वस्त्यांतल्या बायका-मुलांनी दुकाने फोडली. मिठाईचे दुकान आधी लुटले गेले, आणि खेळण्यांच्या दुकानातले फटाके भर रस्त्यात उडवले गेले. पुढे तोफगोळ्यांनी लागलेल्या आगीत रस्त्याचा मोठा भाग आणि टपाल कचेरीचा अंतर्भाग जळाला. बाहेरचा दगडी दर्शनी भाग तेवढा मूळचा आहे. शुक्रवारी, २८ एप्रिलला, बंडखोर जळत्या कचेरीतून बाहेर पडले. त्याच सुमारास लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. ‘होमरूल’ ही आयर्लंडचीच मागणी होती. टिळकांनी तिचा सनदशीर मार्ग घेतला आणि डब्लिनमधल्या तरुणांचा नेमका त्याच मार्गावरचा विश्वास उडाला होता.

टपाल कचेरीमागची मूर स्ट्रीट ही भाजीबाजाराची गल्ली या फेरीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानायला हवा. रस्त्यावर पाऊल ठेवणे अशक्य होते. म्हणून बंडखोरांनी एका घराची भिंत फोडून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात अशी वाट काढली. घोट्याला गोळी लागलेल्या जेम्स कॉनलींना त्या भगदाडांतून उचलून नेले गेले. १६ क्रमांकाच्या घरात अखेरची मसलत झाली. नागरिकांचा संहार थांबावा म्हणून पिअर्स यांनी शरण जायचे ठरवले. पांढरे निशाण घेऊन गोळीबाराच्या रस्त्यावर एकटी गेली ती परिचारिका एलिझाबेथ ओफॅरेल. शरणागतीच्या छायाचित्रात ती पिअर्स यांच्या पलीकडे उभी असल्याने फक्त तिचे पाय दिसतात, आणि काही ठिकाणी छापताना तेही पुसून टाकले गेले. तिची कहाणी इतकी वर्षे मागे पडावी, हा अन्याय होता. या गल्लीतली १४ ते १७ क्रमांकांची घरे २००७ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली.

उठावात सुमारे ४८५ जणांचा बळी गेला. त्यांत निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते आणि ४० मुले होती. नॉर्थ किंग रस्त्यावर ब्रिटिश सैनिकांनी घरांत शिरून १५ पुरुष व मुलगे मारले. हुतात्म्यांच्या नावांपुढे ही नावे दुय्यम ठरू नयेत.

शहराच्या पश्चिमेला किलमेनम तुरुंग आहे. ३ ते १२ मे या काळात त्याच्या दगड फोडण्याच्या आवारात १४ बंडखोरांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांतल्या जोसेफ प्लंकेट यांचे लग्न मृत्यूच्या काही तास आधी तुरुंगातल्याच प्रार्थनागृहात ग्रेस गिफर्डशी लागले. उभे राहू न शकणाऱ्या कॉनलींना खुर्चीवर बसवून मारले गेले. बंडखोरांना अटकेत नेताना ज्या शहराने त्यांना शिव्या दिल्या होत्या, तेच शहर या शिक्षा दिवसामागून दिवस लांबत गेल्या तसे उलटले. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी शिन फेन पक्षाने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. त्यांचे प्रतिनिधी लंडनला गेले नाहीत. २१ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी डब्लिनच्याच मॅन्शन हाउसमध्ये स्वतःची संसद भरवली.